नवा एरिया कोड नको, असे शहरे का म्हणतात? अमेरिकेतील एका जुन्या वादाचा हिशेब

१ सप्टेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क शहराचे दूरध्वनीच्या नकाशावर दोन भाग झाले. मॅनहॅटन आणि ब्राँक्स यांच्याकडे जुना २१२ हा एरिया कोड राहिला आणि ब्रुकलिन, क्वीन्स व स्टेटन आयलंड या तीन विभागांना ७१८ हा नवा कोड मिळाला. महापौर एकच, महापालिका एकच, भुयारी रेल्वेही एकच; पण पूल ओलांडून पलीकडच्या माणसाला फोन करायचा तर आता आधी कोड फिरवणे भाग होते. या निर्णयाला तिन्ही विभागांतील स्थानिक पदाधिकाऱ्यांनी आणि राज्य विधिमंडळातील काही सदस्यांनी विरोध केला होता. शहराची वाटणी असमान होते आहे आणि 'न्यूयॉर्क शहर' या ओळखीतून आपल्याला बाहेर ढकलले जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. दूरध्वनीसारख्या सार्वजनिक सेवांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगाने, म्हणजे पब्लिक सर्व्हिस कमिशनने, तरीही विभाजन मंजूर केले.

अशा विरोधाकडे पुष्कळदा प्रतिष्ठेचा हट्ट म्हणून पाहिले जाते. तीन आकड्यांसाठी एवढा वाद कशाला, असा प्रश्न दूरध्वनी कंपन्यांनाच नव्हे, तर सामान्य वाचकालाही पडतो. मला मात्र या वादाचा पुढचा इतिहास पाहिल्यावर असे ठामपणे वाटते की, शहरांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी धरलेल्या या आग्रहामुळेच एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली: १९९०च्या दशकातील क्रमांकांची टंचाई बऱ्याच अंशी वाटपाच्या पद्धतीतून निर्माण झालेली होती. ती कशी, हे समजण्यासाठी आधी क्रमांकाची रचना पाहावी लागेल.

अमेरिकेतील दूरध्वनी क्रमांक दहा आकडी असतो. पहिले तीन आकडे एरिया कोडचे, पुढचे तीन एक्स्चेंजचे आणि शेवटचे चार ग्राहकाचे. ही रचना १९४७ मध्ये ठरली आणि तेव्हा संपूर्ण अमेरिका व कॅनडासाठी ८६ कोड पुरेसे वाटले. सुरुवातीला हे कोड ऑपरेटरच्या उपयोगाचे होते. सामान्य ग्राहकाने स्वतः कोड फिरवून लांबच्या गावी लावलेला पहिला फोन १० नोव्हेंबर १९५१चा. न्यू जर्सीतील एंगलवूड गावाच्या महापौरांनी तो कॅलिफोर्नियातील अलामेडाच्या महापौरांना केला होता. पुढे ज्या कोडवरून नगरपालिका आणि कंपन्या यांच्यात एवढे वाद झाले, त्या कोडचे उद्‌घाटन दोन महापौरांच्या संभाषणाने व्हावे, हा योगायोग मला लक्षात ठेवण्याजोगा वाटतो.

कोणत्या शहराला कोणता कोड द्यायचा, यामागे तबकडीच्या फोनचे साधे गणित होते. अशा फोनवर २ फिरवला की दोन स्पंदने जातात, ९ फिरवला की नऊ आणि शून्य फिरवला की दहा. त्यामुळे ज्या शहरात सर्वाधिक फोन येतात त्याला सर्वांत कमी वेळ घेणारा कोड मिळाला. न्यूयॉर्कच्या २१२ला पाच स्पंदने लागतात आणि त्या काळच्या नियमांत याहून छोटा कोड शक्यच नव्हता. लॉस एंजेलिसला २१३ आणि शिकागोला ३१२ मिळाला. ब्रुकलिनच्या वाट्याला आलेल्या ७१८ची स्पंदने सोळा होतात. १९८४ पर्यंत बटणांचे फोन बरेच पसरलेले असल्याने त्याने व्यवहारात फारसा फरक पडत नव्हता; परंतु छोटा कोड म्हणजे मोठे शहर, हे समीकरण तोपर्यंत लोकांच्या मनात पक्के झाले होते.

आता एका कोडमध्ये किती क्रमांक मावतात ते पाहू. एक्स्चेंजचा पहिला आकडा २ ते ९ यांपैकीच असावा लागतो, म्हणून तीन आकड्यांच्या ८०० जोड्या होतात. त्यांतून ९११सारख्या विशेष सेवांच्या आठ जोड्या वगळल्या की ७९२ उरतात. प्रत्येक एक्स्चेंजमध्ये १०,००० क्रमांक, म्हणजे एका कोडमध्ये जास्तीत जास्त ७९ लाख २० हजार. हे क्रमांक संपत आले की नवा कोड आणावा लागतो.

मराठी वाचकाच्या मनात येथे एक रास्त प्रश्न येईल. २००२ मध्ये मुंबईचे सात आकडी क्रमांक पुरेनासे झाले, तेव्हा प्रत्येक क्रमांकाच्या आधी २ लावून ते आठ आकडी करण्यात आले. मुंबईबरोबरच ०२२ हाच कोड वापरणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतही तसेच झाले. कोड बदलला नाही, कोणत्याही उपनगराला शहरापासून वेगळे काढले गेले नाही, त्यामुळे आपल्याकडे त्यावरून सीमावादही झाला नाही. अमेरिकेने हेच का केले नाही? कारण तेथील दहा आकड्यांची चौकट अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधील अनेक देशांनी मिळून स्वीकारलेली आहे. एका शहराच्या क्रमांकात एक आकडा वाढवायचा तर या सर्व देशांतील यंत्रणा बदलावी लागेल. म्हणून तेथे मार्ग एकच उरतो, तो नव्या कोडचा.

नवा कोड दोन प्रकारे आणता येतो. पहिला प्रकार विभाजनाचा. जुन्या प्रदेशात एक रेघ ओढायची, एका बाजूला जुना कोड ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या सर्व ग्राहकांचा कोड बदलायचा. दुसऱ्या प्रकाराला ओव्हरले म्हणतात, म्हणजे जुन्या कोडवर नव्याचा थर चढवायचा. यात कोणाचाही चालू क्रमांक बदलत नाही. पण त्याच प्रदेशात, त्याच इमारतीत, एकाच घरातही दोन कोड नांदू लागतात आणि शेजारच्या घरी फोन करतानाही कोडसह पूर्ण क्रमांक फिरवावा लागतो.

विभाजनात रेघ कोठे ओढायची, हा प्रश्न नगरपालिकांच्या जिव्हाळ्याचा असतो. दूरध्वनी कंपनीची रेघ एक्स्चेंजच्या हद्दीवरून जाते आणि एक्स्चेंजची हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. न्यूयॉर्कमधील मार्बल हिल ही वस्ती प्रशासकीय दृष्ट्या मॅनहॅटनची आहे. परंतु १८९५ मध्ये हार्लेम नदीचा कालवा खणला गेल्यावर ती मॅनहॅटन बेटापासून तुटली आणि पुढे जुने नदीपात्र बुजवल्याने ब्राँक्सच्या भूमीला जोडली गेली. १९९२ मध्ये ब्राँक्सलाही ७१८मध्ये घालण्यात आले, तेव्हा मार्बल हिलचे फोन ब्राँक्सबरोबर गेले. मतदान मॅनहॅटनमध्ये आणि कोड ब्राँक्सचा, अशी तेथील रहिवाशांची स्थिती झाली.

कोड बदलण्याचा खर्चही स्थानिक पातळीवरच पडतो. दुकानाची पाटी, व्हॅनच्या दारावर रंगवलेला क्रमांक, छापलेली पत्रके आणि पावत्या तर आहेतच. पण नगरपालिकेची वाहने, कार्यालयांचे फलक, शाळांमधील पालकांच्या नोंदी, लिफ्टमधील आपत्कालीन फोन, आग किंवा चोरीची सूचना आपोआप पाठवणारी यंत्रे, हे सारे तपासून बदलावे लागते. लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचचे उदाहरण बोलके आहे. १९९१ मध्ये २१३चे विभाजन होऊन ते ३१०मध्ये गेले आणि १९९७ मध्ये ३१०चेही विभाजन होऊन ५६२मध्ये. सहा वर्षांत दोनदा आपला क्रमांक सर्वांना नव्याने कळवावा लागलेल्या व्यापाऱ्याने तिसऱ्या बदलाविषयी शंका घेतली, तर त्याला हट्टी म्हणता येणार नाही. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. कोड बदलला म्हणून कॉलचा दर वाढत नाही, कारण दर अंतरावर आणि कंपनीच्या योजनेवर ठरतो. अनेक जाहीर सभांत ही भीती व्यक्त केली जात असे आणि ती निराधार होती.

एवढे सगळे पणाला लागलेले असताना निर्णयात शहराला मत किती असते? कायद्याने काहीच नाही. १९९६च्या दूरसंचार कायद्याने क्रमांकांवरील अधिकार फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या केंद्रीय आयोगाकडे दिला आणि तो राज्यांच्या आयोगांकडे सोपवण्याची मुभा ठेवली. नवा कोड केव्हा आणायचा, विभाजन करायचे की ओव्हरले, हे राज्याचा आयोग ठरवतो. नगर परिषद ठराव करू शकते, जाहीर सुनावणीत म्हणणे मांडू शकते, आपल्या आमदाराकरवी याचिका दाखल करू शकते. परंतु रोखण्याचा अधिकार तिला नाही. म्हणून या विरोधाचे स्वरूप कायम आर्जव आणि दबाव यांच्या मधले राहिले.

त्याच १९९६च्या कायद्याने टंचाईही वाढवली. स्थानिक दूरध्वनी सेवेतील मक्तेदारी संपली आणि नव्या कंपन्या बाजारात आल्या, हे चांगलेच झाले. परंतु क्रमांकांच्या वाटपाची पद्धत एकाच कंपनीच्या काळातली होती. कॉल कोठे पाठवायचा हे यंत्रणा पहिल्या सहा आकड्यांवरून ओळखत असे, म्हणून कंपनीला क्रमांक द्यायचे तर अख्खे एक्स्चेंज, म्हणजे १०,००० क्रमांकांचा गठ्ठा द्यावा लागे. शिवाय बिलाच्या आकारणीसाठी प्रत्येक एरिया कोडचे अनेक छोटे भाग पाडलेले होते, त्यांना रेट सेंटर म्हणतात, आणि प्रत्येक रेट सेंटरसाठी वेगळा गठ्ठा लागे. समजा, एका नव्या कंपनीला दहा रेट सेंटरमध्ये सेवा द्यायची आहे आणि तिचे ग्राहक पाचशेच आहेत. तिला एक लाख क्रमांक घ्यावे लागत आणि त्यांतले ९९,५०० कोणाच्याही उपयोगी न पडता तिच्याकडे पडून राहत. अशा अनेक कंपन्या एका कोडमध्ये आल्या की कागदोपत्री तो कोड संपे. फॅक्स, पेजर आणि मोबाइल यांमुळे मागणी वाढली होती हे खरेच, पण त्या वाढीपेक्षा गठ्ठ्यांची ही पद्धत अधिक क्रमांक गिळत होती.

लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात हा वाद सर्वांत तीव्र झाला. तेथील ३१० या कोडमध्ये सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स, कल्व्हर सिटी, टॉरन्स अशी अनेक स्वतंत्र नगरे येतात. त्यावर ४२४ हा नवा कोड चढवण्याचा निर्णय झाला आणि त्याची तयारी म्हणून एप्रिल १९९९ पासून रहिवाशांना प्रत्येक कॉलसाठी १ आणि त्यापुढे दहा, असे अकरा आकडे फिरवणे सक्तीचे करण्यात आले. नवा कोड अजून आलेला नव्हता. पण रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात फोन करायलाही अकरा आकडे लागू लागले. लोकांचा राग उफाळला. राज्य विधानसभेचे तेथील सदस्य वॉली नॉक्स यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि ओव्हरले थांबवण्याची मागणी राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनकडे केली. या मागणीतला नेमका मुद्दा असा होता की, नवा कोड देण्यापूर्वी जुन्यातले किती क्रमांक खरोखर वापरात आहेत, हे आधी मोजा.

हा प्रश्न इतका साधा आहे की तो आधी कोणी विचारला कसा नाही, याचे आश्चर्य वाटते. कोड 'संपला' असे जाहीर होत होते ते गठ्ठे संपले म्हणून; गठ्ठ्यांच्या आत काय शिल्लक आहे, याची मोजणी होत नव्हती. सप्टेंबर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आयोगाने ओव्हरले स्थगित केला. त्याच महिन्यात केंद्रीय आयोगाने कॅलिफोर्नियासह काही राज्यांना क्रमांक बचतीचे उपाय योजण्याचे अधिकार दिले. त्याआधी, १९९८ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या प्रकरणात हाच केंद्रीय आयोग राज्यांनी असे उपाय स्वतःहून करू नयेत, असे म्हणाला होता. स्थगितीनंतर झालेल्या पाहणीत ३१०मध्ये सुमारे ३० लाख क्रमांक न वापरलेले आढळले. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. ज्या कोडमध्ये जागा नाही म्हणून लाखो लोकांच्या सवयी बदलल्या जात होत्या, त्यात तीसेक लाख क्रमांक रिकामे होते.

ते क्रमांक वापरात आणण्याच्या उपायाला पूलिंग म्हणतात. दहा हजारांच्या गठ्ठ्याऐवजी हजाराचा गठ्ठा करायचा, कंपन्यांकडे पडून असलेले हजारी गठ्ठे परत घेऊन सामाईक साठ्यात ठेवायचे आणि ज्याला गरज असेल त्याला त्यातून द्यायचे. ज्या हजारी गठ्ठ्यात दहा टक्क्यांहून कमी क्रमांक वापरात आहेत, तोही परत घेता येतो. त्यातील मोजक्या ग्राहकांचे क्रमांक तसेच राहतात. हे शक्य झाले ते क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीमुळे, कारण त्या सोयीसाठी कॉल पाठवण्यापूर्वी संगणकीय नोंद तपासण्याची व्यवस्था उभी राहिली होती. पहिल्या सहा आकड्यांवरच विसंबण्याची गरज त्यामुळे संपली. शिकागोच्या उपनगरांतील ८४७ या कोडमध्ये हा प्रयोग १९९८ मध्येच सुरू झाला होता आणि तेथील नवा कोड २२४ जानेवारी २००२ पर्यंत लांबला. ३१०मध्ये पूलिंग २००० साली सुरू झाले. पुढे ही पद्धत देशभर लागू करण्यात आली.

न्यूयॉर्कने दुसऱ्या मुद्द्यावर लढा दिला. ओव्हरले आणायचा तर त्या भागातील सर्वांनी, अगदी आपल्याच कोडमध्ये फोन करतानाही, पूर्ण क्रमांक फिरवला पाहिजे, असा केंद्रीय आयोगाचा नियम होता. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या कंपनीकडे जुन्या कोडचे क्रमांक मुबलक असतात आणि नव्या कंपनीच्या ग्राहकांना नवा कोड मिळतो. जुन्या कोडच्या ग्राहकांना आपसात सात आकड्यांत बोलता आले आणि नव्या कोडकडे फोन करताना अधिक आकडे लागले, तर लोक नव्या कंपनीकडे जायला कचरतील. न्यूयॉर्क राज्याला हे मान्य नव्हते. सात आकड्यांची सवय मोडण्याची सक्ती केंद्राने करू नये, यासाठी राज्याने न्यायालयात धाव घेतली आणि २००१ मध्ये ते केंद्रीय अपील न्यायालयात हरले. १ फेब्रुवारी २००३ पासून शहरात सर्वांना १ धरून अकरा आकडे फिरवावे लागू लागले. या प्रकरणात मला केंद्रीय आयोगाची बाजू अधिक बळकट वाटते. स्पर्धेतील समानतेसाठी थोडी गैरसोय सोसणे रास्त होते, आणि ती गैरसोय सर्वांनी सारखीच सोसली.

विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र टिकले नाही. पूलिंग केले की नव्या कोडची गरजच राहणार नाही, असा काहींचा विश्वास होता. ३१०चे रिकामे क्रमांक हळूहळू भरत गेले, ऑगस्ट २००५ मध्ये आयोगाने पुन्हा ओव्हरलेचाच निर्णय घेतला आणि २६ ऑगस्ट २००६ रोजी ४२४ अस्तित्वात आला. स्थगितीने मिळवून दिलेली सात वर्षे कायमची सुटका नव्हती. परंतु त्या सात वर्षांत मोबाइल घराघरांत पोचला, नावावर बोट ठेवून फोन लावण्याची सवय लागली आणि अकरा आकड्यांचा जाच कमी झाला. २००६ मध्ये तोच बदल १९९९च्या तुलनेत पुष्कळ शांतपणे स्वीकारला गेला. वेळ मिळवणे हीदेखील सार्वजनिक कारभारातील मोठी कमाई असते, असे मी यावरून मानतो.

कॅलिफोर्नियाच्या इतर भागांत ही कमाई आणखी मोठी ठरली. त्याच सुमारास थांबवलेल्या ओव्हरलेमध्ये सॅन होजे परिसरातील ४०८ आणि ओकलंड-फ्रीमाँटकडील ५१० हे कोडही होते. सिलिकॉन व्हॅलीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे दोन्ही कोड नातेवाइकांच्या फोनवहीतून चांगले परिचित आहेत. संगणक उद्योग भरभराटीला आलेल्या त्या भागात ४०८च्या जोडीला ६६९ हा कोड आला तो थेट २०१२ मध्ये, आणि ५१०च्या जोडीला ३४१ आला २०१९ मध्ये. जो बदल शतक उलटण्यापूर्वीच अटळ म्हणून सांगितला जात होता, तो ४०८मध्ये सुमारे तेरा आणि ५१०मध्ये सुमारे वीस वर्षे पुढे गेला.

आज नवा कोड आणताना विभाजनाचा मार्ग जवळजवळ सोडून देण्यात आला आहे. क्रमांक मोबाइलबरोबर देशभर फिरतो, त्यामुळे जमिनीवर रेघ ओढण्यालाच फारसा अर्थ राहिलेला नाही. सात आकड्यांत फोन लावण्याची सोयही मावळते आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी ९८८ हा क्रमांक राखून ठेवल्यावर, ज्या भागांत ९८८ हे एक्स्चेंज आधीपासून होते, तेथे ऑक्टोबर २०२१ पासून दहा आकडे सक्तीचे झाले, कारण पहिल्या तीन आकड्यांवरून मदतीचा कॉल कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हे यंत्रणेला ओळखता आले नसते. या कारणाला स्थानिक पातळीवर विरोध करावा असे कोणाला क्वचितच वाटले असेल.

ईशान्येकडच्या मेन या छोट्या राज्याने बचतीचा मार्ग सर्वांत चिकाटीने धरला. तेथील आयोगानेही १९९९ मध्ये केंद्राकडून पूलिंगचे अधिकार मिळवले आणि नव्या कोडची वेळ पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. १९४७ मध्ये त्या राज्याला मिळालेला २०७ हाच कोड आजही साऱ्या राज्याला पुरतो आहे.